विषय: गावात कॅमेऱ्यांसाठी वर्गणी

मंडळी, नमस्कार.
गावाकडे पंधरा दिवसांत तीन विहिरींवरच्या केबल चोरीला गेल्या. मोटारी बंद, हरभरा वाळतोय. औसा तालुक्यातली आपण इथे अमेरिका-कॅनडात अकरा घरं आहोत. सगळ्यांनी हातभार लावला तर वेशीत, स्टँडवर आणि शाळेपुढे कॅमेरे बसतील. संक्रांतीच्या आत पैसे पाठवू या.
– डॅलसहून

दादा,
माझी वर्गणी धरा. पण गेल्याच महिन्यात गावी जाऊन आले, तिथे पाहिलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चोरी शिवारात होते, वेशीत नाही. काकांच्या बांधाआड जळक्या रबराची राख मी स्वतः पाहिली. केबल तिथंच जाळून तांबं तेवढं नेलं. शेतीच्या लाइनला वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. तिथे कॅमेरा कसा चालणार?

म्हणून पोरांनी गस्त सुरू केली, हे फार चांगलं झालं. पण दुसऱ्याच रात्री त्यांनी पारधी वस्तीवरच्या एका बापलेकाला अडवलं. "पोत्यात काय हाय?" म्हणत पोतं रस्त्यावर उलटं केलं. आत जेवणाचा डबा, दोन खुरपी आणि एक घोंगडी. तुरीची राखण करून घरी निघाले होते बिचारे. आठ-नऊ वर्षांचं पोरगं बापाचा सदरा मुठीत धरून उभं होतं. पोलीस पाटील पळत आले, म्हणून कुणाचा हात उठला नाही.

इंग्रजांच्या कायद्याने या लोकांवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला कागदावरून पुसला गेला. गावात मात्र काही चोरीला गेलं की पहिलं बोट अजून त्याच वस्तीकडे जातं. धुळ्याच्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. तो जमावही आपली लेकरं वाचवायलाच धावला होता ना?

गस्तीत त्या वस्तीवरची दोन पोरं घ्या. रात्रीचं शिवार त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? गस्तीवरच्या सगळ्यांच्या नावांची यादी पोलीस पाटलांकडे आणि ठाण्यात द्या. कुणाचा संशय आला तर अंगाला हात लावायचा नाही, 112 ला फोन करायचा. 2007 ला आर. आर. आबांनी तंटामुक्ती मोहीम आणली तेव्हा आपल्याकडचे बांधाचे तंटे मिटले, ते दोन्हीकडची माणसं पारावर शेजारी बसली म्हणूनच. पैसे आधी बॅटऱ्यांना आणि वस्तीच्या वाटेवरच्या दिव्यांना द्या.
– टोरांटोहून

ताई,
त्या बापलेकाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. वर्गणी चालू ठेवतो, कॅमेऱ्यांचं तूर्त थांबवू. रविवारी पोलीस पाटलांना फोनवर घेऊ. वस्तीवरचं कुणी बोलायला तयार असेल तर त्यांनाही घेऊ. वस्तीवरच्या कुणाचा नंबर तुमच्या काकांकडे मिळेल का?