मदत हवी आहे: लिनक्समधल्या युजर इव्हेंट्सचा कोड रिव्ह्यू करताना अडकलोय

नमस्कार मंडळी. मी महाप्याला नोकरी करतो, राहतो ठाण्यात. टीममधल्या एका मुलीचा पॅच (कोडमधला बदल) माझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. काल घणसोली ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचला, तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

युजर इव्हेंट्स म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या घटना कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ट्रेसिंगला, म्हणजे घटना नोंदवायच्या सोयीला, कळवायची पद्धत. कर्नल ६.४ च्या पुढचं आहे. तिचा प्रोग्रॅम युजर_इव्हेंट्स_डेटा ही फाइल उघडून आयऑक्टलने (कर्नलला आज्ञा देणाऱ्या कॉलने) इव्हेंट रजिस्टर करतो आणि ३२ बिटांच्या एका व्हेरिएबलचा पत्ता देतो. कुणी ट्रेसिंग चालू केलं की कर्नल तिथला बिट १ करतो; तो दिसला तरच प्रोग्रॅम राइटव्ही कॉलने इव्हेंटचा डेटा त्या फाइलमध्ये लिहितो. त्या डेटाच्या सुरुवातीचे ४ बाइट रजिस्टर करताना मिळालेल्या इंडेक्सचे, तेही बरोबर. एवढं स्वच्छ लिहिलंय की खोट काढायला जीव होत नाही.

पण ते व्हेरिएबल सेशनच्या मॅलॉक केलेल्या (गरजेनुसार मागून घेतलेल्या मेमरीतल्या) स्ट्रक्टमध्ये आहे. सेशन संपलं की ती मेमरी थेट फ्री, अनरजिस्टर कुठेच नाही! "फाइल बंद करतेच की दादा," असं तिचं म्हणणं. माझ्या मते नोंद प्रोसेसच्या मेमरीशी बांधलेली असते, फाइलशी नाही. म्हणजे नंतर कुणी ट्रेसिंग चालू केलं, तर कर्नल त्या जागी आलेल्या त्याच प्रोसेसच्या दुसऱ्याच कुठल्या डेटात बिट फिरवणार.

हे तिला प्रत्यक्ष चालवून कसं दाखवू? लिहिणारा कर्नल असल्याने अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) गप्पच बसतो. आणि दर सेशनला रजिस्टर करण्यापेक्षा एकच ग्लोबल व्हेरिएबल ठेवायला सांगू का? तुम्ही काय करता?