यूकेचा स्पाउस व्हिसा नाकारला, अपील करू की नव्याने अर्ज? मदत हवी आहे

नमस्कार. परवा माझा यूकेचा स्पाउस व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. लग्नाला 2 वर्षं झालीत, नवरा तिथेच स्थायिक आहे. आमच्या नात्याबद्दल पत्रात कसलीच शंका नाही, घोडं अडलं ते पगाराच्या पुराव्यावर. वर्षाला 29,000 पौंडांची अट आहे, नवऱ्याचा पगार त्याहून जास्तच आहे. पण 6 महिन्यांच्या पेस्लिप जोडताना एका महिन्याचं बँक स्टेटमेंट राहून गेलं. चूक आमचीच, आणि तेच मनाला फार लागलंय.

अपिलाला 28 दिवस आहेत. नवरा म्हणतो अपील करू. मला वाटतं, कागदच कमी पडला असेल तर तो जोडून नवा अर्ज करावा. फी पुन्हा जाईल, पण ट्रिब्युनलच्या तारखेची वाट किती दिवस बघायची?

कुणी यातून गेलंय का? नव्या अर्जात आधीचा नकार सांगावाच लागतो, तर सोबत खुलाशाचं पत्र कसं लिहिलंत? आणि अपील चालू असताना नवा अर्ज केला तर अडचण येते का? वकील निवडताना काय बघितलंत, तेही कृपया सांगा. 3 दिवस तर विचारातच गेले.