मोरी कुणाची, चर कुणाचा: आमच्या इंग्रजी गावाच्या पॅरिश कौन्सिलविषयी घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

शनिवार

मी:
सर्वांना नमस्कार. परवा मी पाण्याखाली गेलेल्या रस्त्याचा फोटो टाकला, तेव्हा आत्याने विचारले होते की तुमच्याकडची नगरपालिका काय करते आहे. उत्तर दोन ओळींत मावणारे नव्हते, आणि मला या निमित्ताने घरच्यांचा सल्लाही हवा आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचे गाव कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या उतारावर आहे. गावाच्या खालच्या अंगाला एक अरुंद रस्ता जातो. त्याच्या एका बाजूला शेत, शेताच्या कडेला काटेरी झुडपांची वई, आणि वई व रस्ता यांच्या मधून पाण्याचा चर. चराचे पाणी रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडच्या ओढ्याला मिळते. मोरीचा पाइप घमेल्याच्या तोंडाएवढाच आहे. बुधवारी रात्री पाणी रस्त्यावर चढले आणि पहाटे ते गोठले. सकाळी शेजारचे आजोबा आणि मी दाताळे घेऊन गेलो. हाताला आधी कुजलेल्या पानांचा लगदा लागला, मग काटेरी फांद्या, आणि शेवटी पाइपाच्या तोंडात घट्ट बसलेली पशुखाद्याची प्लास्टिकची गोणी. ती ओढून काढताच पाण्याने गटकन घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि थोड्या वेळात रस्त्याचा मधला पट्टा उघडा पडला. आतला गाळ मात्र तसाच आहे, त्यामुळे पुढच्या मोठ्या पावसात हेच पुन्हा होणार.

आता प्रश्न असा की मोरी कुणाची आणि चर कुणाचा. रस्ता आणि त्याखालची मोरी काउंटी कौन्सिलची, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची. चर सामान्यतः ज्याच्या जमिनीला लागून आहे त्याचा, म्हणजे इथे शेतमालकाचा. कचरा उचलणे आणि बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे; नाव डिस्ट्रिक्ट असले तरी ती काउंटीच्या खालची, आपल्या तालुक्याच्या पातळीची. गावाची स्वतःची म्हणावी अशी एकच संस्था आहे, ती म्हणजे पॅरिश कौन्सिल, आणि मोरी तिच्या ताब्यात नाही. तरीही गावातला प्रत्येक माणूस पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. या कौन्सिलमध्ये सात जागा आहेत, त्यांपैकी एक रिकामी झाली आहे, आणि ती मी घ्यावी असे मला विचारले गेले आहे. पुढच्या गुरुवारी सभा आहे. घ्यावी की नाही, हे तुम्ही मोकळेपणाने सांगा.

आत्या:
मला एक कळले नाही. पॅरिश म्हणजे चर्चचा परिसर ना? मग ही चर्चची समिती आहे का? आपल्या घरातली मुलगी तिथे बसली तर त्यांना ती परकी वाटणार नाही का?

मी:
आत्या, तुझी शंका अगदी रास्त आहे, कारण नाव तेच राहिले आहे. पूर्वी गावाचा कारभार चर्चच्या सभेतच चालत असे. १८९४ च्या कायद्याने तो चर्चपासून वेगळा केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पहिल्या पॅरिश कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या. चर्चची समिती आजही आहे, पण ती वेगळी. तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या पहिल्या निवडणुकीतच बायकांना, लग्न झालेल्यांनासुद्धा, मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क होता. पार्लमेंटसाठी मत मिळायला त्यांना १९१८ उजाडावे लागले.

परकेपणाचे म्हणशील, तर कायद्याने मी परकी नाही. माझा पासपोर्ट भारताचा असला तरी राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून मला इथे मतदान करता येते, आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असल्यामुळे सदस्यही होता येते. मनाने परकेपणा वाटायचा तो पहिली दोन वर्षे वाटला. गेल्या वसंतात गावसभेला गेले, खेळाच्या मैदानावरच्या बाकांचा ठराव आला आणि मी हात वर केला. मोजणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बोट करून "नऊ" म्हटले, तेव्हापासून तो परकेपणा फारसा उरला नाही.

मोठे काका:
बाळ, मी पाटण तालुक्यात ग्रामसेवक म्हणून अनेक गावांत काम केले, त्यामुळे तुझा मजकूर दोनदा वाचला. मोरीचे वर्णन वाचून आपल्याकडचे जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर उभे राहिले. सल्ला देण्यापूर्वी मला चार गोष्टी कळल्या पाहिजेत. तिथे ग्रामसेवकाच्या जागी कोण असतो आणि तो कुणाचा नोकर? पैसा कुठून येतो? सभेची दवंडी कशी होते? आणि दप्तर कोण तपासतो? ज्या संस्थेचे दप्तर गावाला पाहता येत नाही, तिथे आपल्या घरच्या माणसाने बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मी:
काका, तुमच्या प्रश्नांनी मला स्वतःलाच पुष्कळ शोधायला लावले. संध्याकाळी क्लार्कबाईंना भेटून आले.

ग्रामसेवकाच्या जागी इथे क्लार्क असतो. आपला ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी; इथला क्लार्क मात्र पॅरिश कौन्सिलनेच नेमलेला आणि तिनेच पगार दिलेला. लहान गावात हे काम आठवड्यातल्या काही तासांचे असते. कौन्सिलच्या सदस्याला आपल्याच कौन्सिलचा पगारी क्लार्क होता येत नाही, आणि सदस्यत्व सोडल्यावरही बारा महिने थांबावे लागते.

पैशाला इथे प्रीसेप्ट म्हणतात. पुढच्या वर्षी गावाला किती लागेल याचा आकडा पॅरिश कौन्सिल हिवाळ्यात ठरवते आणि डिस्ट्रिक्टला कळवते. डिस्ट्रिक्ट तो कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करातून, वसूल करून पॅरिशला देते. घरी येणाऱ्या बिलावर काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस आणि पॅरिश अशा वेगळ्या ओळी असतात, आणि आमच्या बिलावर पॅरिशची ओळ सर्वांत लहान आहे. त्यातूनच मैदानाचे गवत, बाक, बसथांब्याची शेड, दोन-चार दिवे आणि युद्धस्मारकाची डागडुजी होते.

दवंडीच्या जागी सूचनाफलक आहे. ओकच्या चौकटीचा, आतून काचेवर दव धरलेला, चार टाचण्यांनी लावलेला एक कागद आणि खाली क्लार्कची सही. सभेआधी तीन पूर्ण दिवस तो लागलेला असावा असा कायदा आहे, आणि त्यात लावण्याचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार धरायचे नाहीत. म्हणून गुरुवारच्या सभेचा कागद आमच्याकडे आदल्या शुक्रवारीच लागतो. त्या कागदावर जो विषय नाही, त्यावर सभेत निर्णय घेता येत नाही.

दप्तराचे सांगताना मला खरोखर आनंद होतो आहे. दर उन्हाळ्यात कामकाजाचे तीस दिवस गावातला कोणीही मतदार हिशेबाची वही, पावत्या आणि करार मागून पाहू शकतो, आणि त्या तीस दिवसांत जुलैचे पहिले दहा कामकाजाचे दिवस असलेच पाहिजेत.

मोठे काका:
तीस दिवस म्हणजे चांगली सोय आहे. कोरम किती? आपल्याकडे ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तो लागतो, आणि तो भरला नाही म्हणून तहकूब कराव्या लागलेल्या कितीतरी सभा मी पाहिल्या आहेत.

मी:
कौन्सिलच्या सभेला एक तृतीयांश सदस्य, पण तीनपेक्षा कमी चालत नाहीत. आमच्या सात जणांत तीन. गावसभा मात्र वेगळी असते. ती वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जून या काळात आणि संध्याकाळी सहानंतरच घ्यावी लागते, म्हणजे कामावरून परतलेल्यांना येता यावे. शिवाय सहा मतदारांनी ठरवले तर ते मध्येच कधीही गावसभा बोलावू शकतात. या सहाच्या आकड्याचे मला फार अप्रूप वाटते. भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी गावाने जमीन मिळवून द्यावी, अशी मागणीसुद्धा १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा जण करू शकतात, आणि पॅरिशला ती विचारात घ्यावीच लागते.

दादा:
हे सगळे वाचून छान वाटले, पण माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. रस्ता काउंटीचा, परवानगी डिस्ट्रिक्टची, चर शेतकऱ्याचा. मग पॅरिशच्या हातात उरते काय? नोकरी आणि दोन मुले सांभाळून महिन्यातली एक संध्याकाळ आणि वर शंभर ई-मेल एवढा वेळ तू देणार, त्याला मानधन नाही, आणि लोकांची बोलणी मात्र तुलाच खावी लागणार.

वहिनी:
मला काळजी आणखी वेगळी आहे. सदस्य झाल्यावर घराचा पत्ता आणि मिळकत जाहीर करावी लागते असे मी कुठेतरी वाचले होते. मुले लहान आहेत, एवढेच लक्षात ठेव.

मी:
वहिनी, तू वाचलेस ते खरे आहे. सदस्य झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत माझी आणि माझ्या नवऱ्याची नोकरी, त्या हद्दीतले घर-जमीन आणि भाडेपट्टे यांची नोंद द्यावी लागते, आणि ती सर्वांना पाहता येते. धाक-दडपशाहीचा धोका असेल तर तो तपशील झाकून ठेवण्याची तरतूद आहे. आम्ही दोघांनी काल यावर बराच वेळ बोलून ठरवले की आमचे घर गावात सगळ्यांना माहीतच आहे, तेव्हा नोंदीला आमची हरकत नाही.

दादा, तुझा प्रश्न मला जास्त बोचला, कारण मीही तो स्वतःला विचारला होता. हातात काय उरते? मोरीचेच उदाहरण घे. ती तुंबल्याची तक्रार गावातल्या निदान पाच-सहा घरांनी आपापल्या परीने केली होती. कोणी काउंटीच्या संकेतस्थळावर, कोणी फोनवर, कोणी शेतमालकाला रस्त्यात गाठून. प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळाले आणि कोणाजवळही तारखेसह लिहिलेला कागद नाही. काउंटी म्हणते की चर साफ झाल्याशिवाय पाइपात पाण्याचा झोत मारून उपयोग नाही. शेतमालक म्हणतात की वई वाढल्यामुळे यंत्र चरापर्यंत पोहोचत नाही. आणि वई कापायला मुदत आहे: पक्ष्यांच्या विणीच्या हंगामासाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताच्या वया कापायला बंदी असते. म्हणजे फेब्रुवारीअखेर वई कापली नाही, तर चर उपसणे सप्टेंबरपर्यंत लांबते आणि पुढचा हिवाळा पुन्हा असाच जातो. हा क्रम, आधी वई, मग चर, मग पाइप, कुणीतरी एका टेबलावर मांडून प्रत्येकाकडून तारीख घ्यायला हवी होती. ते काम पॅरिश कौन्सिलचे आहे. तिला हुकूम सोडता येत नसला तरी काउंटी आणि शेतमालक या दोघांनाही ती गावाच्या नावाने पत्र लिहू शकते, आणि एकट्या माणसाच्या तक्रारीला जे मोल नसते ते त्या पत्राला असते.

इथल्या लाल टेलिफोन बूथचेही असेच झाले. कंपनीने तो बंद करायचे ठरवल्यावर पॅरिशने एक पौंडाला तो गावासाठी घेतला. आज त्यात हृदय बंद पडल्यावर धक्का देणारे यंत्र टांगलेले आहे आणि त्याची बॅटरी तपासायची पाळी दर महिन्याला कुणा ना कुणाची असते.

मोठे काका:
आता मी माझे मत देतो. जागा घे. मात्र एक गोष्ट कटाक्षाने कर. सभेत "लवकरात लवकर" असा शब्द ठरावात येऊ देऊ नकोस. कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार आणि झाल्याचे कोण पाहून सांगणार, ही तीन उत्तरे ठरावातच लिहून घे. मी माझ्या नोकरीत चांगली चांगली कामे "लवकरात लवकर" या शब्दांत बुडालेली पाहिली आहेत. दुसरे असे की त्या शेतमालकाला सभेआधी घरी जाऊन भेट. माणसाला चारचौघांत प्रथमच आपले नाव ऐकावे लागले की तो अडून बसतो.

आत्या:
काका म्हणतात ते ऐक. आणि शेतमालकाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

मी:
रविवारी जाते. रव्याचे लाडू केलेले आहेत.

शुक्रवार

मी:
काल रात्री उशीर झाला म्हणून आज लिहिते. सभेला सहाही सदस्य, क्लार्क आणि गावातले अकरा लोक होते. जागा रिकामी झाल्याची सूचना रीतसर लागली होती. निवडणूक हवी असल्यास दहा मतदारांनी तशी मागणी करायची असते, ती आली नाही, म्हणून जागा भरण्याचा अधिकार कौन्सिलकडे आला. मी दोन मिनिटे बोलले, मतदान झाले, आणि क्लार्कबाईंसमोर पद स्वीकारल्याच्या कागदावर सही करून मी टेबलाशी जाऊन बसले.

मोरीचा विषय आठवा होता. शेतमालक स्वतः आले होते. त्यांनी सांगितले की २० फेब्रुवारीपर्यंत ते वई कापून देतील आणि त्यानंतरच्या आठवड्यात चर उपसतील, मात्र उपसलेली माती टाकायला रस्त्याच्या कडेची जागा लागेल. ही अडचण आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, आणि रविवारी भेटीत त्यांनी ती सांगितली नसती तर काल विषय तिथेच अडला असता. माती गावाच्या मैदानाच्या खोलगट कोपऱ्यात टाकायचे ठरले. काउंटीला पत्र जाईल, त्यात शेतमालकांच्या दोन्ही तारखा असतील आणि पाइप धुण्याची तारीख लेखी मागितलेली असेल. चर उपसल्याचे पाहून कळवण्याचे काम माझ्याकडे आहे. बंद झालेल्या दफनभूमीची पडकी भिंत हा पुढचा विषय होता. तिची देखभाल चर्चच्या समितीने कायद्याप्रमाणे पॅरिशकडे सोपवलेली आहे. दगडी भिंतीचे काम जाणणाऱ्या गवंड्यांकडून तीन दरपत्रके मागवली आहेत. ते प्रकरण मोठे आहे, त्याविषयी वेगळे लिहीन.

मोठे काका:
शाब्बास. इतिवृत्ताची प्रत मला पाठव. मराठी करून पाठवण्याची गरज नाही, मी सावकाश वाचेन.

मी:
काका, पुढच्या सभेत मंजूर होऊन अध्यक्षांची सही होईपर्यंत ते कच्चेच धरतात. सही झाली की पाठवते. वई कापायला माणसे येतील त्या दिवशी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकते.