मोझांबिकचा शांतता करार टिकला, अंगोलाचा का मोडला?

प्रश्न: शिवाजी विद्यापीठात एम. ए. राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी विचारतोय. दोन्ही पोर्तुगीज वसाहती, दोन्ही १९७५ ला स्वतंत्र, दोन्हीकडं यादवी. अंगोलाचा करार मे १९९१ चा, मोझांबिकचा रोममधला ४ ऑक्टोबर १९९२ चा. अंगोलात निवडणूक होताच पुन्हा युद्ध पेटलं, मोझांबिकमध्ये नाही. हिरे-तेल एवढंच कारण पटत नाही. नेमका फरक कुठं पडला?

रंकाळाकाठ: हिरे वगळू नका. हिऱ्यांच्या पैशावर अंगोलातले बंडखोर नेते साविंबी यांना हरल्यावरही लढता आलं; मोझांबिकमधली बंडखोर संघटना रेनामो, तिची दक्षिण आफ्रिकेकडची रसद आटली होती आणि त्यात १९९२ चा दुष्काळ. पण भर द्या तो क्रमावर. अंगोलात दोन्ही सैन्यं मोडायच्या आधीच सप्टेंबर १९९२ ला मतदान उरकलं, संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक जेमतेम ३५०. राष्ट्राध्यक्ष दुस सांतुस ४९.५७ टक्के, साविंबी ४०.०७; निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, तरी दुसरी फेरी झालीच नाही.

मोझांबिकमध्ये सहा हजारांवर शांतिसैनिक होते. मतदान ऑक्टोबर १९९३ चं ठरलं होतं, ते वर्षभर पुढं ढकललं आणि आधी सैन्य मोडायला घेतलं. ४९ छावण्या: २९ सरकारच्या, २० रेनामोच्या. छावणीत यायचं, बंदूक जमा करायची, नाव नोंदवून घरी जायचं. पुढं दोन वर्षं पैसे एकरकमी नाहीत, हप्त्यानं आणि ज्या जिल्ह्यात जाऊन राहणार तिथल्याच बँकेत. खरी मेख इथं आहे. हप्ता घ्यायचा तर माणूस गावाजवळच राहतो, तुकडी पुन्हा जमत नाही.

पंचगंगा७: यात रेनामोला पक्ष म्हणून उभं करायला दिलेला वेगळा निधी जोडा, दीड कोटी डॉलरच्या वर. जंगलातल्या संघटनेला राजधानीत कार्यालयं, घरं, गाड्या लागतातच. तरीही मतदानाच्या तोंडावर रेनामोचे नेते ध्लाकामांनी बहिष्कार पुकारला. मनधरणीनंतर ते परतले आणि मतदान एक दिवस वाढवून २७ ते २९ ऑक्टोबर १९९४ असं झालं. राष्ट्राध्यक्ष शिसानो ५३.३ टक्के, ध्लाकामा ३३.७.

करवीरकर: "टिकला" हे जपून लिहा. ३० हजारांचं संयुक्त सैन्य ठरलं, आले जेमतेम १२ हजार. चांगली शस्त्रं लपवलेलीच राहिली, ध्लाकामांचे सशस्त्र रक्षकही. त्याहून मोठं दुखणं प्रांतांच्या राज्यपालांचं. सोफाला, झांबेझिया, नांपुला या प्रांतांत रेनामोला जास्त मतं पडली, तरी राज्यपाल राष्ट्राध्यक्षच नेमणार आणि तो सत्ताधारी फ्रेलिमो पक्षाचाच. २०१३ ला पुन्हा बंदुका निघाल्या त्या या रागातूनही.

प्रश्नकर्ता: मग २०१८ च्या घटनादुरुस्तीनं ते मिटलं का?

करवीरकर: अर्धंच. राज्यपाल आता प्रांतिक निवडणुकीत जिंकलेल्या यादीचा पहिला उमेदवार असतो, पण शेजारी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला राज्य सचिव बसवला. आपल्याकडं जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडलेला आणि सीईओ मुंबईहून आलेला, तसं समजा. ऑगस्ट २०१९ ला नवा करार झाला, ऑक्टोबरात निवडणूक, आणि दहाही प्रांत फ्रेलिमोकडं गेले. रेनामोचा शेवटचा तळ मात्र जून २०२३ ला बंद झाला. सेमिनारात १९९४ वर थांबू नका.