अंधुक स्रोतांसाठी व्हिजिबिलिटी काढायचीच कशाला?

रामदासपेठी: मिडीचा जुना डेटा ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या) अर्काइव्हमध्ये खुला आहे, त्यामुळे नागपुरात बसूनही त्यावर काम करता येतं. (मिडी हे चिलीतल्या पारानालवरचं उपकरण. ८ ते १३ मायक्रॉनमध्ये दोन दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करायचं. पहिल्या फ्रिंजेस, म्हणजे दोन्ही प्रकाश मिळून उमटणाऱ्या उजळ-काळ्या रेघा, डिसेंबर २००२.) माझं म्हणणं, सक्रिय दीर्घिकांच्या गाभ्यासारखा अंधुक स्रोत असेल तर व्हिजिबिलिटीच्या भानगडीत पडूच नये. कोरिलेटेड फ्लक्सला (प्रकाशाच्या फ्रिंज देणाऱ्या भागाला) एकूण फ्लक्सने (स्रोताच्या सगळ्या प्रकाशाने) भागलं की व्हिजिबिलिटी मिळते (ती कमी, तर स्रोत मोठा), आणि घोळ सगळा छेदात आहे. १० मायक्रॉनला आकाश, आरसे सगळंच उजळतं. आपल्या गच्चीची मे महिन्यातली भिंतसुद्धा याच पट्ट्यात सर्वांत तेजस्वी असते. पार्श्वभूमी स्रोताच्या हजारो पट. चॉपिंग करून (आळीपाळीने स्रोत आणि शेजारचं आकाश बघून) वजा केली तरी जे उरतं ते फोटोमेट्रीची (एकूण फ्लक्सच्या मोजणीची) वाट लावतं. उलट कम्बाइनरच्या (प्रकाश एकत्र करणाऱ्या भागाच्या) दोन आउटपुटमध्ये फ्रिंज उलट-सुलट येते आणि पार्श्वभूमी सारखी. वजाबाकी केली की पार्श्वभूमी जवळपास जाते, फ्रिंज राहते. मग चांगल्या आकड्याला खराब आकड्याने भागायचं कशाला?

जुना_खोडरबर: भाऊ, त्या भागाकाराने काय वाचतं ते सांगायला विसरलात. स्रोत बघताना पातळ ढग आला तर तो अंशात आणि छेदात दोन्हीकडे येतो, बराचसा कटतो. कोरिलेटेड फ्लक्समध्ये तो सरळ निकालात घुसतो. वर कॅलिब्रेटरचा (तुलनेसाठी बघितलेल्या ताऱ्याचा) फ्लक्सही नीट माहीत हवा.

रामदासपेठी: मान्य. म्हणून कॅलिब्रेटर जवळचा, लगेच आधी किंवा नंतर घेतलेला. एकूण फ्लक्स व्हिझिरसारख्या एकाच दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यातून घ्या.

जुना_खोडरबर: त्यात आजूबाजूची पसरलेली धूळही येते. मग आकार कुणाचा काढला, गाभ्याचा की परिसराचा?

बर्डीवाला: राजेहो, तुम्ही छेदावरच भांडून राह्यले, अंशाकडे कोणी पाहूनच नाही राह्यलं! कोहेरंट सरासरीले (फ्रिंजची फेज जुळवून फ्रेम मिळवायले) आधी ग्रुप डिले (दोन दुर्बिणींच्या प्रकाशमार्गातला फरक) लागते. स्रोत अंधुक असला की सॉफ्टवेअर नॉइजच्याच शिखराले डिले समजते. फ्रेम चुकीच्या फेजमध्ये जुळतात, सरासरी खाली येते. मग म्हणायचं, ‘स्रोत मोठा दिसते!’

रामदासपेठी: तशा फ्रेम टाकून देतो.

बर्डीवाला: कोणत्या निकषावर? फ्रिंज जोरदार दिसली तेवढ्याच ठेवल्या तर नॉइजनं फुगलेल्याच निवडल्या ना! डिले अचानक उडी मारते त्या टाका, ते ठीक.

जुना_खोडरबर: इथे मी बर्डीवाल्यांच्या बाजूने. तेजस्वी कॅलिब्रेटरचा सिग्नल घ्यायचा, मुद्दाम कमी करून त्यात खऱ्या आकाशाचा नॉइज मिसळायचा, आणि तीच रिडक्शन (डेटावरची प्रक्रिया) चालवायची. किती फ्लक्स गळतो ते दिसतं. गळती सुरू होते त्याखालचा एकही बिंदू मी मॉडेलमध्ये घेणार नाही.

रामदासपेठी: तेवढं गाळलं तर लांब बेसलाइनवर (दुर्बिणींमधलं अंतर जास्त तिथे) माझ्याकडे काहीच उरत नाही.

बर्डीवाला: मंग वरची मर्यादा (फ्लक्स याहून जास्त नाही) लिहा ना बावा, बिंदू कायले गाळता?