पेव्हर ब्लॉकवर भोवरा, लगोरी, विटीदांडू: काय कुठे खेळवायचं?

खारघरवासी
आमच्या सोसायटीत मे महिन्यात सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी जुने खेळ सुरू करायचे ठरलं आहे. जागा दोन आहेत. पोडियमवर साधारण साठ फूट बाय तीस फूट मोकळी जागा आहे, खाली पेव्हर ब्लॉक आणि एका बाजूला लॉबीच्या काचा. दुसरी जागा म्हणजे जवळचं मुरमाचं मैदान, पण ते पावसाला सुरुवात होईपर्यंतच कामाचं.

ऑनलाइन एक संच मागवला आहे. त्यातली विटी टोला मारल्यावर उडतच नाही, जागच्या जागी सरकते. भोवरा दोन गिरक्या घेऊन आडवा होतो. लगोरीचे तुकडे चकचकीत टाइल्सचे आहेत, चार रचले की पाचवा घसरतो. चूक सामानात आहे की जागेत? कुठला खेळ कुठे ठेवावा, आणि सामान घरी करायचं असेल तर मापं काय घ्यावीत?

बाभळीचा_दांडू
दोन्हीत. आधी जमीन बघायची, मग खेळ ठरवायचा. विटीदांडू पोडियमवर अजिबात नको, काचा नसत्या तरी नकोच. विटी टोल्यानंतर कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि कठीण फरशीवर दांडूचं टोक आपटलं की मनगटाला झिणझिण्या येतात आणि दांडूचं तोंड फुटतं. तो मुरमावरच ठेवा.

विटी उडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा तिच्या टोकांत असतं. जमिनीवर ठेवलेल्या विटीचं टोक अधांतरी राहायला हवं, म्हणजे त्यावर दांडू बसला की ती उलटून वर येते. तयार संचातल्या विट्यांना पेन्सिलीसारखं आखूड टोक केलेलं असतं. ते जमिनीला जवळजवळ टेकलेलं राहतं, मग मार जमिनीतच जातो आणि विटी सरकते. विटी दहा ते बारा सेंटिमीटर लांब, मध्ये अडीच सेंटिमीटर जाड ठेवा आणि दोन्ही टोकं तीन-तीन सेंटिमीटर निमुळती करा, दोन्हीकडे सारखी. शेवटी अणकुचीदार ठेवू नका. बोथट, करंगळीच्या टोकाएवढं गोल ठेवा. टोकदार विटी डोळ्याला धोकादायक असतेच, शिवाय लवकर झिजून एका बाजूने आखूड होते.

तुमची आहे तीच विटी सुधारून बघा. कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने उतार मागे वाढवत न्यायचा. लाकूड फार हलकं असेल तर मात्र मेहनत वाया जाईल, ती हवेत फडफडते आणि लांब जात नाही.

लाकूड बाभूळ, चिंच, पेरू यांपैकी चालतं. बांबू किंवा झाडूचा दांडा नको, पोकळ असतो, दोन टोल्यांत चिरतो. दांडू पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटर, खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणे. जाडी मुठीत अंगठा तर्जनीला टेकेल एवढीच. ओली फांदी असेल तर साल काढून, दोन्ही कापांना तेल चोळून सावलीत वाळवा. उन्हात टाकली की टोकाकडून चीर धरते आणि ती चीर नेमकी विटीच्या निमुळत्या भागात येते.

फांदीसाठी झाडाला हात लावू नका. शहरात झाडतोडीला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण एप्रिल-मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालू असते, तेव्हा कापलेल्या फांद्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले असतात. तिथल्या माणसांना विचारून दोन फांद्या घेतल्या की काम झालं.

मोगरीवाला
भोवऱ्याबद्दल मी सांगतो. आडवा पडायची तीन कारणं असतात: आर (खालचा खिळा) वाकडी, जाळी (गुंडाळायची दोरी) चुकीची, नाहीतर जमीन.

आर तपासायची पद्धत सोपी आहे. भोवरा स्टीलच्या ताटात ठेवून वरून दोन बोटांनी फिरवा. आरेचं टोक एका ठिकाणी उभं राहिलं तर ठीक. टोक लहानसं वर्तुळ काढत असेल तर आर मधोमध नाही. मोगरी (भोवऱ्याचं वरचं टोक) बघितलीत तरी कळतं, ती थरथरते. आर ज्या बाजूला झुकली असेल त्या बाजूने हातोडीने हलके ठोके द्यायचे, जोरात नाही, नाहीतर लाकूड उभं चिरतं. चीर पडलेला भोवरा टाकून द्या. फिरताना फुटला तर तुकडा मुलाच्या नडगीला लागतो. आर लाकडाबाहेर एक ते दीड सेंटिमीटर असावी. याहून लांब असली की भोवरा उंच होतो आणि तोल लवकर जातो.

जाळी सुती हवी. संचात बहुधा नायलॉनची गुळगुळीत दोरी आली असेल, ती भोवऱ्यावरून घसरते, पीळच देत नाही. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, सव्वा मीटर लांब सुती दोरी घ्या आणि गुंडाळण्यापूर्वी ओल्या बोटांतून ओढा. ओलसर दोरी लाकूड धरून ठेवते.

गुंडाळताना एक टोक मोगरीपासून खाली आरेपर्यंत आणायचं, आरेच्या मुळाशी दोन वेढे आवळून घ्यायचे आणि तिथून वर, वेढ्याला वेढा चिकटवत, पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत यायचं. वेढा वेढ्यावर चढला तर दोरी सुटताना अडकते आणि भोवरा आडवाच जमिनीवर आपटतो. पहिले दोन वेढे सैल राहिले तरी तेच होतं. मुलं चुकतात ती इथे, फेकण्यात नाही. दुसऱ्या टोकाला गाठ मारून ते करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात धरतात. पूर्वी तिथे सोड्याच्या बाटलीचं बूच चपटं करून ओवत, त्याची कड बोट कापते. शर्टाचं मोठं बटण ओवा, पकड तेवढीच मिळते.

फेकताना आर खाली, हात कमरेच्या उंचीवर. भोवरा पुढे सोडायचा आणि तो जमिनीला टेकायच्या जरा आधी हात मागे खेचायचा. टेकल्यावर खेचलं तर भोवरा उडून अंगावर येतो. म्हणून शिकणाऱ्याच्या समोर आणि मागे कोणी उभं राहू नये. डावखुऱ्या मुलाला वेढे उलट दिशेने घ्यायला लावा, नाहीतर तो बिचारा दिवसभर धडपडेल आणि चूक त्याचीच समजली जाईल.

आता जमीन. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात आर अडकते, त्यावर भोवरा टिकणार नाही. आठ बाय चार फुटांचा बारा मिलिमीटरचा प्लाय मधून कापून चार बाय चारचे दोन तुकडे करा आणि ते पोडियमवर अंथरा. लॉबीची ग्रॅनाइट फरशी मात्र नको, आरेने ओरखडे पडतात.

खारघरवासी
ताटातली चाचणी केली, टोक वर्तुळ काढतंय. आर ठोकून सरळ करतो. दोरीही नायलॉनचीच निघाली. प्लॅस्टिकचा भोवरा लहान मुलांना चालेल का?

मोगरीवाला
वेढे घ्यायला शिकेपर्यंत चालेल, फुटत नाही. पण वजन कमी, म्हणून लवकर थांबतो आणि हातजाळीला निरुपयोगी. हातजाळी म्हणजे भोवरा जमिनीला टेकू न देता हवेतूनच जाळीने खेचून तळव्यावर फिरता घ्यायचा. त्याला लाकडाचंच वजन हवं. आर आधी कानशीवर घासून गोल करून घ्या, तळव्याला टोचणार नाही. सावंतवाडीकडचे लाखेचे रंगीत भोवरे बाजारात मिळतात, त्यांची आर घेतानाच बोटाने फिरवून बघा.

सूरपाटी
आर गोल करा हे फक्त हातजाळीपुरतं, दादा. रिंगणातल्या खेळात, जिथे पडलेल्या भोवऱ्याला गुच्चे मारायचे असतात, तिथे टोकदारच लागते. पण मुलांच्या शिबिरात गुच्चे नकोतच, त्यात भोवरे फुटतात आणि भांडणं होतात.

पोडियमसाठी मी आट्यापाट्या सुचवेन. सामान काहीच लागत नाही, फक्त खडू आणि मोजपट्टी, आणि एका वेळी दहा-बारा मुलं पळतात. पूर्ण मैदान ८९ फूट १ इंच लांब आणि २३ फूट १ इंच रुंद असतं, त्यात नऊ आडव्या पाट्या, म्हणजे आखलेले पट्टे. प्रत्येक पाटी १ फूट १ इंच रुंद, आणि एका पाटीच्या कडेपासून पुढच्या पाटीच्या त्याच कडेपर्यंत ११ फूट. हेच अंतर ठेवून पाचच पाट्या आखल्यात तर लांबी ४५ फूट १ इंच होते. तुमच्या साठ फुटांत ती बसते आणि दोन्ही टोकांना सात-सात फूट पळायला उरतात. मधून उभी सूरपाटी, तीही १ फूट १ इंच.

प्रत्येक पाटीवर एक जण. त्याचे पाय पाटीतच राहिले पाहिजेत, मग तो हात लांबवून पाटी ओलांडणाऱ्याला बाद करू शकतो. पाय रेषेबाहेर पडला की ते शिवणं धरायचं नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा, नाहीतर खेळाची साखळी होते. पहिल्या पाटीवरचा तो सूर, त्याला मधल्या उभ्या पाटीवरूनही धावता येतं, म्हणून तिथे चपळ मूल द्या. सगळ्या पाट्या ओलांडून परत आलं की लोण. एकेक डाव सात मिनिटांचा ठेवा. त्याहून लांबला की लहान मुलं दमून रेषेवर बसतात.

आणखी एक. पेव्हर ब्लॉकवर खडूची रेघ लवकर पुसते, मधेमधे गिरवायला कोणीतरी नेमा. मुरमावर आखताना मैदानी फक्की वापरा, चुना नको. चुन्याची धूळ डोळ्यांत गेली तर जळजळ करते आणि इजाही होऊ शकते.

ठिकरी
लगोरीच्या टाइल्स बदला, त्यांची चकाकी हीच अडचण आहे. कडाप्पा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे घ्या, एखाद्या फ्लॅटचं काम चालू असेल तिथे मिळतात. सात तुकडे, सर्वांत खालचा साधारण पंधरा सेंटिमीटर, वर सहा-सातपर्यंत उतरत जाणारे, जाडी दीड-दोन सेंटिमीटर. कडा खडबडीत दगडावर घासून बोथट करा. पोडियमवर दगड पडून ब्लॉकला टवके उडतील असं वाटत असेल तर सुताराकडून त्याच मापाच्या प्लायच्या चकत्या कापून घ्या, पॉलिश न करता.

फार नीट, सपाट रचलेली लगोरी चेंडूने फुटत नाही, वरचे दोनच तुकडे पडतात. तुकडे थोडे वाकडेतिकडे असणं खेळाला बरं. चेंडू जुना, केस गेलेला टेनिसचा. अंतर लहानांना चार मीटर, मोठ्यांना सहा, प्रत्येकाला तीन फेकी. चेंडू कमरेखालीच मारायचा. आणि रचलेल्या लगोरीभोवती एक मीटरचं वर्तुळ आखा, त्यात मारणाऱ्या पक्षाने उभं राहायचं नाही. हे वर्तुळ नसेल तर रचणाऱ्याला संधीच मिळत नाही आणि डाव तिथेच अडकतो. काचांच्या बाजूला पाठ करून फेकायला लावा.

बाभळीचा_दांडू
विटीदांडूचं राहिलेलं लिहितो. गल, म्हणजे जमिनीतली खाच, दहा सेंटिमीटर लांब, दोन-तीन सेंटिमीटर खोल, होडीच्या आकाराची. विटी तिच्यावर आडवी. फार खोल केली तर दांडू खाली अडकतो आणि कोलताना (गलीवरची विटी दांडूने उडवताना) विटी उभी उडून झेल जातो. कोलताना दांडू जमिनीलगत ठेवून पुढे रेटायचा, वर उचलायचा नाही.

टोला मारताना पहिला मार हलका, फक्त टोकावर. विटी कमरेएवढी वर आली की दुसरा मार खरा. मुलं पहिलाच मार जोरात देतात, मग विटी तोंडासमोर येते. खेळणारे दहा मीटरपेक्षा जवळ नकोत, बघणारे बाजूला, मागे नको, कारण चुकलेली विटी मागेही उडते. दहा वर्षांखालच्यांना नुसतं कोलू द्या, टोला नाही. मोजणी दांडूने: वकट, लेंड, मूंड, नाल, पुढचे शब्द गावागावांत बदलतात, एक ठरवून घ्या.

काटेरी_वेल
पावसाळा सुरू झाला की लॉबीत बसून खेळायला सागरगोटे ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात वजनावर मिळतात, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात विचारा. राखाडी, कठीण, साधारण सारख्या आकाराचे पाच निवडा. भोक पडलेला किंवा हलका लागणारा बाजूला काढा, आतून किडलेला असतो आणि वर फेकल्यावर तरंगत खाली येतो. सतरंजीवर खेळवू नका, सागरगोटे पसरत नाहीत. फरशीवर पसरायचे, एक डोळ्याच्या उंचीपर्यंतच फेकायचा, तेवढ्यात एक उचलून तोच झेलायचा. सगळे एकेक उचलून झाले की दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. उचलताना शेजारचा हलला की डाव गेला. उंच फेकल्याने वेळ मिळतो असं मुलांना वाटतं, पण नजर वर जाते आणि हात चाचपडतो.

सागरगोटे मिळाले नाहीत म्हणून कोणी बिट्ट्या, म्हणजे बिट्टीच्या झाडाच्या बिया, देऊ केल्या तर घेऊ नका. पिवळ्या फुलांची ती झाडं आपल्याकडे दुभाजकांवर आणि सोसायट्यांत सर्रास लावलेली आहेत, आणि पूर्वी त्या बियांनी खेळतही असत. बी विषारी असते, हृदयावर परिणाम होतो, आणि लहान मूल काहीही तोंडात घालतं. त्यापेक्षा गुळगुळीत नदीचे खडे घ्या, पण अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान नकोत. बरोबर धाकटी भावंडं येत असतील तर खेळ संपल्यावर पाच मोजूनच डबीत भरा.

खारघरवासी
शनिवारी पोडियमवर पाच पाट्या आखतो, भोवरा प्लायवर, रविवारी सकाळी मुरमावर विटीदांडू. फांद्यांसाठी छाटणीवाल्यांना उद्याच विचारतो. कडाप्प्याचे तुकडे बी विंगमध्ये काम चालू आहे तिथे दिसले आहेत.