मदत हवी आहे: जावास्क्रिप्टमध्ये 290 रुपयांचे बिल 40 रुपये कसे होते?

नमस्कार. आमच्या बचत गटाच्या फराळाच्या मागण्यांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये बिलाचे एक छोटे पान तयार करते आहे. नोंदीत घरपोच खर्च दिलाच नसेल तर 40 रुपये धरावेत, एवढ्यासाठी मी पुढील ओळ लिहिली (व्हेरिएबलची नावे देवनागरीत आहेत, भाषेला ती चालतात; || म्हणजे 'नाहीतर'):

एकूण = किंमत + घरपोच || 40;

किंमत 250 आणि घरपोच अनडिफाइन्ड (मूल्यच न दिलेले) असताना 290 ऐवजी नुसते 40 येतात. घरपोच 30 असल्यास 280 बरोबर येत असल्याने ही चूक बरेच दिवस लक्षातच आली नाही. || च्या जागी ?? (डावीकडे काहीच नसेल तरच उजवीकडचे घेणारे चिन्ह) घातले, तर 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') दिसू लागले. शेवटी किंमत + (घरपोच || 40) असा कंस घातल्यावर 290 आले. पण गल्लीतल्या गिऱ्हाइकांना घरपोच मोफत म्हणून मी 0 भरते, त्यांच्याही बिलात आता 40 रुपये चढू लागले आहेत. नेमके कुठे चुकते आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, आपल्या ओळीत दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली अग्रक्रमाची. + हे चिन्ह || आणि ?? या दोघांच्याही आधी सोडवले जाते, त्यामुळे आपली ओळ प्रत्यक्षात (किंमत + घरपोच) || 40 अशी वाचली जाते. 250 मध्ये अनडिफाइन्ड मिळवले की नॅन येतो. || ला तो 'फॉल्सी' (खोट्यात जमा होणारा) वाटतो, म्हणून संपूर्ण बेरीज टाकून 40 उरतात. ?? मात्र केवळ नल (मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य) आणि अनडिफाइन्ड यांनाच रिकामे मानते आणि नॅन त्यांत बसत नसल्याने तो तसाच पुढे जातो. दुसरी चूक शून्याची: || च्या लेखी 0 देखील फॉल्सीच, म्हणून मोफतचे 40 झाले. तेव्हा कंसही हवा आणि ?? ही हवे:

एकूण = किंमत + (घरपोच ?? 40);

|| आणि ?? कंसाविना एकत्र लिहिले तर भाषा सिंटॅक्स एरर (लेखनरचनेची चूक) देऊन अडवते. + च्या बाबतीत ही दक्षता घेतलेली नाही, हे मला आजही खटकते.

ताई:
मनःपूर्वक आभार, तिन्ही बिले जुळली. हेच काम फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये (फंक्शनला मूल्य देण्याच्या जागी) घरपोच = 40 असे लिहून करता येईल का? माझ्या काही जुन्या नोंदींत नल आहे.

प्रतिसाद:
मग तसे करू नका. पॅरामीटरचे डिफॉल्ट मूल्य केवळ अनडिफाइन्डसाठी लागू होते. नल जसाच्या तसा आत जाईल, बेरजेत त्याचे 0 होईल आणि बिल गुपचूप 250 रुपयांचे निघेल. कंसातले ?? या नोंदींनाही 290 देईल.